वेला ते हेटे: गॅमा किरणस्फोट आणि सुपरनोव्हा यांच्या नात्याचा शोध

ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी वातावरणात, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याच्या करारावर मॉस्को येथे सह्या केल्या. ऑक्टोबरमध्ये करार अमलात आला आणि त्यानंतर आठवडाभरातच अमेरिकेने ‘वेला’ मालिकेतील उपग्रहांची पहिली जोडी अवकाशात सोडली. पृथ्वीपासून लाखभर किलोमीटरपेक्षा दूर फिरणाऱ्या या उपग्रहांचे काम वैज्ञानिक नव्हते, पहाऱ्याचे होते. एखाद्या राष्ट्राने अवकाशात, अगदी चंद्राच्या पाठीमागेही, चोरून अणुस्फोट घडवलाच, तर त्यातून निघणारे क्ष-किरण, गॅमा किरण आणि न्यूट्रॉन टिपता यावेत एवढाच हेतू त्यांच्या उपकरणांमागे होता. गॅमा किरण म्हणजे प्रकाशाचेच सर्वाधिक ऊर्जेचे रूप. पृथ्वीचे वातावरण ते शोषून घेते, त्यामुळे अवकाशात उपकरणे नेल्यावाचून त्यांचा माग लागणे त्या काळी जवळपास अशक्य होते.

या पहाऱ्याला एक खगोलशास्त्रीय शंका मात्र आधीच चिकटली होती. १९५९ साली जिनिव्हा येथे चाचणीबंदीच्या वाटाघाटी चालू असताना अमेरिकी शिष्टमंडळाचे वैज्ञानिक सल्लागार स्टर्लिंग कोलगेट यांनी विचारले होते की, दूरच्या एखाद्या ताऱ्याच्या स्फोटातून निघालेले गॅमा किरण उपग्रहावर पडले आणि ते अणुचाचणीचे समजले गेले, तर काय करायचे? कोलगेट हे अण्वस्त्रांच्या रचनेत मुरलेले भौतिकशास्त्रज्ञ होते, आणि मोठा तारा आयुष्याच्या अखेरीस कोसळून फुटतो तो सुपरनोव्हा, म्हणजेच अतिनवतारा, कसा घडतो याची संगणकावरची आरंभीची गणिते त्यांनी आणि रिचर्ड व्हाइट यांनी लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत केली ती बॉम्बच्या गणितांसाठी विकसित झालेल्या पद्धतींच्याच आधारे. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात ताऱ्याचा गाभा कोसळताना निघणारे न्यूट्रिनो बाहेरच्या थरांना ऊर्जा देतात ही कल्पना मांडलेली आहे, आणि तीच पुढे या विषयाचा पाया ठरली. १९६८ साली कोलगेट यांनी आणखी एक भाकीत केले. स्फोटाचा आघात-तरंग आतून धावत येऊन ताऱ्याचा पृष्ठभाग फोडतो, त्या क्षणी अतिशय अल्पकाळ टिकणारा गॅमा किरणांचा लोळ बाहेर पडला पाहिजे. म्हणजे गॅमा किरणांचे स्फोट जगाला माहीत होण्याआधीच त्यांचे एक स्पष्टीकरण तयार होते, हा या इतिहासातला मोठा चमत्कारिक योग म्हणावा लागेल.

लॉस अ‍ॅलामॉस येथील रे क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन हे १९६९ साली वेला उपग्रहांच्या जुन्या नोंदी ताडून पाहत होते. दोन वेगवेगळ्या उपग्रहांवर एकाच वेळी काही टिपले गेले आहे का, एवढे शोधण्यासाठी छापील नोंदींचे गठ्ठे डोळ्यांखालून घालण्याचे हे काम कंटाळवाणे होते. त्यात २ जुलै १९६७ या तारखेची एक नोंद निघाली. अणुस्फोटातील गॅमा किरणांची पहिली चमक सेकंदाच्या दशलक्षांशापेक्षाही कमी वेळ टिकते. इथे मात्र आधी एक तीव्र शिखर होते, मग थोडी ओसर आणि त्यानंतर काही सेकंद रेंगाळणारे दुसरे, पसरट शिखर. कोणत्याही बॉम्बचा आलेख असा उतरत नाही. सौरज्वालाही त्या वेळी नोंदली गेलेली नव्हती. मात्र त्या काळच्या उपग्रहांच्या घड्याळांना दिशा ठरवता येईल इतकी अचूकता नसल्याने दोघांनी घाई केली नाही, आणि १९६९-७० मध्ये सुटलेल्या पाचव्या व सहाव्या वेला जोड्यांची वाट पाहिली. त्या उपग्रहांतील अंतर तोडायला प्रकाशालाही सेकंदाचा मोठा हिस्सा लागत असे, आणि त्यांची घड्याळे सेकंदाच्या चौसष्टाव्या भागापर्यंत वेळ सांगत. त्यामुळे लहर कोणत्या उपग्रहाला आधी भिडली आणि कोणत्याला नंतर, यावरून ती कोठून आली याचा अंदाज बांधता येऊ लागला.

क्लेबेसाडेल, इयान स्ट्राँग आणि ओल्सन यांचा निबंध जून १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुलै १९६९ ते जुलै १९७२ या काळातील १६ स्फोटांची नोंद त्यात होती. त्यांचा कालावधी सेकंदाच्या दहाव्या भागापासून सुमारे ३० सेकंदांपर्यंत होता, आणि पृथ्वी किंवा सूर्य हे त्यांचे उगम नव्हेत इतके नि:संशय ठरले होते. हा शोध लष्करी गुप्ततेमुळे दडवला गेला अशी कथा पुढे रूढ झाली, परंतु विलंबाचे खरे कारण खात्री करून घेण्याची वैज्ञानिक सावधगिरी हेच दिसते. त्याच वर्षी नासाचे थॉमस क्लाइन आणि उपेंद्र देसाई यांनी ‘इंप-६’ या उपग्रहाच्या नोंदींतून या स्फोटांना दुजोरा दिला. लॉस अ‍ॅलामॉसच्या तिघांनी कोलगेट यांच्या भाकिताची दखल घेऊन ज्ञात सुपरनोव्हांच्या तारखा आपल्या नोंदींशी ताडल्याही होत्या. एकही जुळली नाही. मग सुपरनोव्हाचा विचार बाजूला पडला तो जवळजवळ पंचवीस वर्षे.

ती पंचवीस वर्षे तर्कांच्या सुकाळाची होती. अंतर ठाऊक नसले की ऊर्जाही ठाऊक नसते, कारण मंद दिसणारी वस्तू जवळची आणि दुबळी असू शकते तशीच दूरची आणि प्रचंडही असू शकते. आणि ऊर्जा ठाऊक नसली की धूमकेतूंच्या टकरींपासून कृष्णविवरांपर्यंत कोणतेही कारण चालून जाते. रॉबर्ट नेमिरॉफ यांनी १९९४ साली मोजदाद केली तेव्हा प्रसिद्ध झालेली प्रतिमाने शंभराच्या वर भरली होती. त्यातल्या त्यात न्यूट्रॉन ताऱ्यांचे पारडे जड होते. सूर्याहून जास्त वस्तुमान वीसएक किलोमीटर व्यासात दाबून बसवलेल्या या अवशेष-ताऱ्यांच्या पृष्ठभागावर काही उलथापालथ झाली की गॅमा किरण निघतील, आणि असे तारे आपल्याच आकाशगंगेत मुबलक आहेत, हा युक्तिवाद सोपा होता. ५ मार्च १९७९ रोजी मोठ्या मॅगेलन मेघातील एका सुपरनोव्हा अवशेषाच्या दिशेने अतितीव्र स्फोट आला तेव्हा हा युक्तिवाद पुष्टच झाला. प्रत्यक्षात तो निराळ्या जातीचा, त्याच जागी पुन्हापुन्हा फुटणारा स्रोत होता, पण हे उमगेपर्यंत त्याने बऱ्याच जणांची दिशाभूल केली.

या सुकाळाला आळा घातला तो एका नकाशाने. एप्रिल १९९१ मध्ये अटलांटिस यानातून सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवर ‘बॅट्सी’ हे उपकरण होते. वेधशाळेच्या आठ कोपऱ्यांवर बसवलेले त्याचे आठ शोधक सर्व दिशांनी नजर ठेवत आणि दिवसाला सरासरी एक स्फोट टिपत. स्फोट आकाशगंगेतील न्यूट्रॉन ताऱ्यांवर होत असतील, तर ते नकाशावर आकाशगंगेच्या पट्ट्यात दाटलेले दिसायला हवेत, अशी जवळपास सर्वांची अपेक्षा होती. जानेवारी १९९२ मध्ये पहिल्या १५३ स्फोटांचा नकाशा प्रसिद्ध झाला तेव्हा ते सर्व दिशांना सारखे विखुरलेले निघाले, आणि मंद स्फोटांची संख्या अपेक्षेहून कमी असल्याने त्यांच्या वितरणाला कुठेतरी कड आहे हेही दिसले. बोहदान पॅचिन्स्की हे पोलिश वंशाचे खगोलशास्त्रज्ञ १९८६ पासूनच हे स्फोट कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांमधून येतात असे सांगत होते. त्यांचे म्हणणे आता हसण्यावारी नेण्याजोगे राहिले नाही. तरीही विरोधक मागे हटले नाहीत. एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टन येथे पॅचिन्स्की आणि डोनाल्ड लॅम्ब यांच्यात मार्टिन रीस यांच्या अध्यक्षतेखाली जाहीर वादविवाद झाला. आकाशगंगेभोवतीच्या विस्तीर्ण प्रभामंडलात भिरकावले गेलेले वेगवान न्यूट्रॉन तारे असे स्पष्टीकरण लॅम्ब यांनी तेथे नेटाने मांडले. निकाल लागला नाही, कारण अंतर मोजण्याचे साधन दोघांपैकी कुणाकडेच नव्हते.

अंतर एवढे प्रचंड मानायला सैद्धांतिक अडचणही होती. स्फोटाची तीव्रता सेकंदाच्या हजाराव्या भागात बदलते, म्हणून उगमस्थान काही शे किलोमीटरपेक्षा मोठे असू शकत नाही. आणि इतक्या लहान जागेत इतके गॅमा किरण कोंबले, तर ते एकमेकांवर आदळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या बनवतील आणि बाहेर पडूच शकणार नाहीत. यातून वाट काढली ती पॅचिन्स्की, जेरेमी गुडमन, पीटर मेसारोश, रीस आणि त्सवी पिरान यांच्या ‘अग्निगोल’ प्रतिमानाने: द्रव्य जर प्रकाशाच्या वेगाच्या ९९.९९ टक्क्यांहूनही अधिक वेगाने आपल्याकडे येत असेल, तर सापेक्षतेच्या नियमांनुसार त्याच्या चौकटीतली किरणांची ऊर्जा पुष्कळ कमी असते आणि वाटही मोकळी राहते. असे द्रव्य पुढे भोवतालच्या विरळ वायूवर आदळून मंदावताना क्ष-किरण, दृश्य प्रकाश आणि अखेर रेडिओ लहरी देईल, म्हणजे मूळ स्फोटानंतर कित्येक दिवस विझत जाणारी उत्तरदीप्ती दिसेल, असे भाकीत मेसारोश आणि रीस यांनी केले होते.

ते खरे ठरायला फार दिवस लागले नाहीत. इटली आणि नेदरलँड्स यांच्या ‘बेप्पोसॅक्स’ या उपग्रहाने २८ फेब्रुवारी १९९७ रोजी टिपलेल्या स्फोटाकडे काही तासांतच आपली क्ष-किरण दुर्बीण वळवली, आणि विझत जाणारा एक नवा बिंदू तेथे सापडला. अ‍ॅमस्टरडॅमचे यान व्हान पॅराडाइस आणि त्यांचे विद्यार्थी टायटस खालामा व पॉल ग्रूट यांनी ला पाल्मा येथील विल्यम हर्शेल दुर्बिणीने स्फोटानंतर दिवसभराच्या आतच घेतलेले चित्र आठवड्याने घेतलेल्या चित्राशी ताडले, तेव्हा मंदावणारी दृश्य दीप्तीही मिळाली. त्याच वर्षी ८ मे रोजी झालेल्या स्फोटाच्या उत्तरदीप्तीचा वर्णपट कॅलटेकच्या चमूने हवाईतील केक दुर्बिणीने घेतला. विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाच्या तरंगलांब्या ताणल्या जातात, त्या ताणाला ताम्रसृती म्हणतात. या वर्णपटातील शोषणरेषांची ताम्रसृती ०.८३५ भरली, म्हणजे स्फोट निदान तेवढ्या, कित्येक अब्ज प्रकाशवर्षांच्या अंतरावरचा होता. वाद संपला. या चमूत कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते, आणि पुढच्या काही वर्षांत या विषयाचे रेडिओ व दृश्य निरीक्षण ज्यांनी पुढे नेले त्यांत त्यांचे नाव अग्रभागी राहिले.

अंतर मिळाले, परंतु फुटते काय हे अजून कळले नव्हते. कॅलिफोर्नियाचे स्टॅन वूझ्ली यांनी १९९३ सालीच एक उत्तर देऊ केले होते. सूर्याच्या पंचवीस-तीस पट वस्तुमानाचा, बाहेरचे हायड्रोजनचे कवच गमावलेला आणि वेगाने फिरणारा तारा कोसळला, की त्याच्या गाभ्याचे थेट कृष्णविवर होते. विषुववृत्ताकडचे द्रव्य फिरकीमुळे सरळ आत पडू शकत नाही, ते चकतीच्या रूपाने भोवती फिरत राहते, तर अक्षाकडची वाट तुलनेने रिकामी होते. चकतीतून दर सेकंदाला सूर्याच्या दशांशाएवढे द्रव्य कृष्णविवरात पडत असताना मुक्त होणाऱ्या ऊर्जेने अक्षाच्या दोन्ही टोकांकडे झोत सुटतात, आणि ते ताऱ्याचे पोट भेदून सुमारे दहा सेकंदांत पृष्ठभागावर पोहोचतात. हायड्रोजनचे जाड कवच असते तर झोत वाटेतच गुदमरला असता. वूझ्ली यांना आधी वाटले होते की अशा ताऱ्यातून नेहमीचा सुपरनोव्हा होणारच नाही, म्हणून त्यांनी त्याला ‘फसलेला’ सुपरनोव्हा म्हटले. १९९९ मध्ये अँड्र्यू मॅकफेडयेन यांच्यासह केलेल्या संगणकीय गणितांत मात्र चकतीवरून उसळणारा वारा ताऱ्याला उडवून देऊ शकतो असे आढळले. या बदलाला निरीक्षणांचा रेटाही कारण झाला होता हे उघड आहे.

तो रेटा आला २५ एप्रिल १९९८ च्या स्फोटातून. बेप्पोसॅक्सने दिलेल्या जागेचे चित्र खालामा आणि सहकाऱ्यांनी चिलीतील ला सिया वेधशाळेतून घेतले, तेव्हा तेथे उत्तरदीप्तीऐवजी एका जवळच्या सर्पिल दीर्घिकेच्या भुजेत उजळत जाणारा सुपरनोव्हा सापडला. ‘१९९८बीडब्ल्यू’ असे नाव मिळालेल्या या सुपरनोव्हाचे अंतर फक्त सुमारे १२ कोटी प्रकाशवर्षे होते. त्याच्या वर्णपटात हायड्रोजन नव्हता, हेलियमही जवळपास नव्हता, आणि रेषा इतक्या रुंद होत्या की द्रव्य प्रकाशाच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास धावत असले पाहिजे. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील रेडिओ दुर्बिणींच्या मोजणीवरून दाखवले की त्याच्या पुढे धावणारा एक थर जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरत होता. टोकियोतील केनिची नोमोतो यांच्या गटाने त्याचे प्रतिमान तयार केले. सुपरनोव्हाची दीप्ती मुख्यतः किरणोत्सारी निकेल-५६ पासून येते. त्याचे निम्मे प्रमाण सहा दिवसांत कोबाल्टमध्ये आणि कोबाल्टचे निम्मे सत्त्याहत्तर दिवसांत लोहात बदलते, म्हणून उजेड चढण्या-उतरण्याच्या आलेखावरून निकेल आणि फेकले गेलेले द्रव्य किती हे मागे जाऊन काढता येते. येथे निकेल सूर्याच्या वस्तुमानाच्या ०.७ पट आले, १९८७ साली मॅगेलन मेघात दिसलेल्या सुपरनोव्हाच्या सुमारे दहापट; आणि द्रव्याची गतिज ऊर्जा नेहमीच्या सुपरनोव्हाच्या वीस ते पन्नास पट. नेहमीची ऊर्जाच इतकी असते की सूर्य १००० कोटी वर्षांच्या आयुष्यात साधारण तेवढी बाहेर टाकतो.

या आकड्यांमागे स्फोट गोलाकार असल्याचे गृहीतक होते, आणि ते ठाम नव्हते. १९८७ च्या सुपरनोव्हाने याचा धडा आधीच दिला होता: कोबाल्टचे गॅमा किरण थरांमागे वर्षभर अडून राहतील असे गोलाकार प्रतिमाने सांगत असताना ते सहा महिन्यांतच दिसू लागले होते, म्हणजे आतले द्रव्य बाहेर उसळून मिसळले होते. १९९८बीडब्ल्यू जर अक्षाच्या दिशेने जास्त जोराने फुटला असेल, तर त्याची ऊर्जा पुष्कळ कमी निघते, हे पुढे वेगवेगळ्या गटांनी दाखवले. पण खरी शंका याहून मोठी होती. हा सुपरनोव्हा आणि गॅमा किरणस्फोट योगायोगाने एका ठिकाणी, एका वेळी आले असण्याची शक्यता दहा हजारांत एक इतकीच होती. तरी त्याची गॅमा ऊर्जा नेहमीच्या स्फोटांच्या दहा हजारावा भागही नव्हती. जवळचे म्हणून जे नीट पाहता आले ते प्रातिनिधिकच नव्हते. दूरचे जे प्रातिनिधिक होते, त्यांच्यातला सुपरनोव्हा उत्तरदीप्तीच्या झगमगाटात दिसत नव्हता. काही उत्तरदीप्तींच्या आलेखांत तीनएक आठवड्यांनी एक उंचवटा दिसे आणि कॅलटेकच्या चमूने १९९९ मध्ये त्याला सुपरनोव्हा म्हटलेही, पण वर्णपटाशिवाय तो पुरावा अपुरा होता.

मधल्या काळात २३ जानेवारी १९९९ च्या स्फोटाने झोताच्या कल्पनेला अपरिहार्य केले. त्याची ऊर्जा सर्व दिशांना सारखी गेली असे मानले, तर सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान संपूर्णपणे गॅमा किरणांत बदलावे लागते, आणि हे कोणत्याही ताऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ऊर्जा काही अंशांच्या अरुंद शंकूतूनच सुटते असे धरले की हिशेब जुळतो. उत्तरदीप्ती ठरावीक वेळी एकदम वेगाने मंदावू लागते ती याचीच खूण. नैनितालच्या वेधशाळेने भारतातून गॅमा किरणस्फोटाच्या उत्तरदीप्तीचे पहिले दृश्य निरीक्षण केले ते याच स्फोटाचे.

निर्णायक प्रसंग २९ मार्च २००३ रोजी आला. ‘हेटे-२’ या छोट्या उपग्रहाने टिपलेल्या त्या दिवशीच्या स्फोटाची उत्तरदीप्ती इतकी तेजस्वी होती की हौशी निरीक्षकांनाही ती लहान दुर्बिणींतून सापडली; ताम्रसृती ०.१६८५, म्हणजे प्रकाशाला निघून सुमारे २०० कोटी वर्षे झालेली. झोताची ऊर्जा दूरच्या स्फोटांच्या जातीला शोभेल अशी होती, आणि अंतर मात्र सुपरनोव्हाचा वर्णपट घेता येईल एवढे कमी होते. क्रिस्तोफ स्तानेक, थॉमस मॅथेसन आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅरिझोनातील साडेसहा मीटर व्यासाच्या दुर्बिणीने दुसऱ्या दिवसापासून जवळजवळ रोज रात्री वर्णपट घेतला. पहिला आठवडाभर तो सपाट, वैशिष्ट्यहीन होता, जसा उत्तरदीप्तीचा असायला हवा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्याअखेर त्यात रुंद उंचवटे दिसू लागले. पुढच्या प्रत्येक रात्री उत्तरदीप्ती मंदावत गेली तसे ते उठून दिसत गेले, आणि उत्तरदीप्तीचा वाटा वजा केल्यावर जे उरले ते १९९८बीडब्ल्यूच्या त्या वयाच्या वर्णपटाशी जवळपास तंतोतंत जुळले. येन्स योर्थ यांच्या गटाने चिलीतील अतिविशाल दुर्बिणीने हेच स्वतंत्रपणे दाखवले, आणि सुपरनोव्हा व गॅमा किरणस्फोट दोन-एक दिवसांच्या फरकाच्या आत, म्हणजे व्यवहारतः एकाच वेळी, घडले असे गणित मांडले. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या तीस तबकड्यांनी, या उत्तरदीप्तीचा कमी वारंवारतेच्या लहरींतून दीर्घकाळ पाठपुरावा केला. इतर लहरींतली दीप्ती विझल्यावरही रेडिओ दीप्ती टिकते, आणि तोवर झोत मंदावून पसरलेला असल्याने एकूण ऊर्जेचा हिशेब त्याच्या रुंदीवर फारसा अवलंबून राहत नाही, म्हणून अशा निरीक्षणांना प्रतिमानकारांच्या लेखी विशेष किंमत आहे.

कोलगेट यांच्या भाकिताचेही यानंतर चीज झाले, मात्र वेगळ्या वाटेने. ९ जानेवारी २००८ रोजी अ‍ॅलिसिया सॉडरबर्ग ‘स्विफ्ट’ उपग्रहाच्या नोंदींतून एका जवळच्या दीर्घिकेतील आधी सापडलेला सुपरनोव्हा पाहत असताना त्याच दीर्घिकेत दुसऱ्या ठिकाणी क्ष-किरणांची काही मिनिटांची चमक उठली, आणि पाठोपाठ तेथे नवा सुपरनोव्हा उजळला. आघात-तरंग ताऱ्याचा पृष्ठभाग फोडतानाचा हा लोळ बहुतेक अभ्यासकांनी मान्य केला आहे. कोलगेट यांनी तो गॅमा किरणांत अपेक्षिला होता, तो क्ष-किरणांत आला, इतकाच फरक. पुढच्याच वर्षी सापडलेल्या ‘२००९बीबी’ या सुपरनोव्हाच्या रेडिओ निरीक्षणांत खोडदच्या दुर्बिणीचा आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांचा सहभाग होता. त्याचे द्रव्य प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावत होते, पण गॅमा किरणस्फोट कोणी पाहिला नव्हता. म्हणजे ज्यांचा झोत बाहेर पडता पडता अडतो किंवा दुबळा राहतो अशा स्फोटांची, साध्या सुपरनोव्हापासून प्रखर गॅमा किरणस्फोटापर्यंत जाणारी, एक सलग साखळी असावी.

जुळलेले हे नाते सर्वत्र लागू पडत नाही हेही लवकरच कळले. जून २००६ मधला एक स्फोट शंभरएक सेकंद चालला आणि पुरेसा जवळ होता, पण सुपरनोव्हाचा मागमूसही सापडला नाही. डिसेंबर २०२१ मधल्या जवळपास मिनिटभराच्या दुसऱ्या एका स्फोटामागे तर न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून येणारी लालसर, झपाट्याने मंदावणारी दीप्ती आढळली. दोन सेकंदांपेक्षा दीर्घ स्फोट ताऱ्याच्या कोसळण्यातून आणि लघु स्फोट मीलनातून, ही १९९३ पासून हाताशी असलेली वाटणी त्यामुळे ढिली झाली. ९ ऑक्टोबर २०२२ चा स्फोट आजवरच्या नोंदींतला सर्वांत तेजस्वी, आणि अंतराने जवळपास २००३ च्या स्फोटाएवढाच. सहा महिन्यांनी जेम्स वेब दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला तेव्हा आतला सुपरनोव्हा मात्र इतरांसारखाच साधा निघाला, आणि अशा स्फोटांत सोन्यासारखी जड मूलद्रव्ये तयार होत असावीत या अपेक्षेला आधार देणारी कोणतीही खूण त्यात नव्हती. झोताची प्रखरता आणि ताऱ्याच्या स्फोटाची ऊर्जा यांचा परस्परांशी नेमका किती संबंध आहे, हे कोसळत्या ताऱ्यांच्या प्रतिमानांना आता नव्याने सांगावे लागणार आहे.